शत्रूसाठी दुसरा शब्द

ताकेओ प्रांतात तेव्हा मी दुभाषी होते,
दिवसाला चार डॉलर आणि दुपारचा भात.
जावाहून आलेल्या बु वुर्यानी इंग्रजी बोलायच्या,
जरा जपून, गढूळ पाण्यात पाय टाकावा तसं.
मी ते ख्मेरमध्ये उचलून
बांधावर बसलेल्या एकवीस जणांना द्यायचे.

पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या, नैसर्गिक शत्रू.
कोळी हा तुडतुड्याचा नैसर्गिक शत्रू.
मी शब्दाजागी शब्द ठेवला.
बांधावरची कुजबुज थांबली.
याय योन उठली,
चौकड्यांचा क्रामा डोक्याला गुंडाळला
आणि खाचरं तुडवत सरळ घरी गेली.

तो शब्द आमच्याकडे एके काळी
वहीत लिहायचे, नावापुढे.
वहीतली माणसं परत आली नाहीत.
बाईंना हे मी जेवताना सांगितलं,
प्रहोकच्या वाटीकडे बघत.
त्यांनी हातातला घास खाली ठेवला.
मग तूच ठरव, म्हणाल्या,
गाव तुझं, जीभ तुझी.

मच्छरदाणीत रात्रभर शब्द उलटेपालटे करत पडले.
मित्र? कोळी कुणाचा मित्र असतो?
सैनिक तर नकोच.
कोंबडा आरवला तेव्हा सापडला : राखणदार.
पगार नाही, रजा नाही,
स्वतःच्या पोटासाठी राखतो, आपल्यासाठी नव्हे.

त्याच दिवशी एका चुडाभोवती आम्ही
जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवला.
आत दहा तुडतुडे, एक कोळी.
दुसऱ्या दिवशी ता मोनने वाकून पाहिलं :
तीन तुडतुडे, थोडे पंख,
आणि कोळी, जेवण झालेल्या माणसासारखा.
ता मोन इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग तो घरून बाटल्या घेऊन आला.
वाच, म्हणाला मला, तू शिकलेली.
एकीवर थाई, दुसरीवर व्हिएतनामी,
तिसरीवर नुसतं चित्र, टवटवीत टोमॅटोचं.
दोन्ही लिप्या मला परक्या.
तो वासावरून ओळखायचा म्हणे,
तिन्ही एकाच डब्यात कालवायचा,
काठीने ढवळून, उघड्या हाताने.
बेडूक? गेले.
खेकडे? बायको आता बाजारातून आणते.
हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही.
मीही आवाज न चढवता इंग्रजीत सांगितलं.

परतताना मोटरसायकलवर, वाऱ्यात अर्धं उडत,
बाई एकदाच स्वतःबद्दल बोलल्या.
सव्विसाव्या वर्षी, सरकारी गणवेशात,
त्यांनी पाकिटं वाटली होती गावोगाव.
त्या वर्षी तिकडची खाचरं तपकिरी पडली,
आग न लागता जळल्यासारखी.
राखणदार आधी मेले, तुडतुडे उरले.
वाटपाच्या कागदावर सही माझी आहे, म्हणाल्या.
पुढचं वाऱ्याने नेलं.
मी पुन्हा विचारलं नाही.

हंगाम संपला. एकवीसपैकी बारा जणांनी फवारा सोडला,
सात जणांनी निम्म्यावर आणला.
दोघे पुन्हा दुकानात गेले, तिथे उधारी मिळते.
बाईंनी हा आकडा जसाच्या तसा अहवालात लिहिला.
वरच्या साहेबाला तो आवडला नाही.
त्या लाओसला गेल्या, मग मादागास्करला.
तिथून एक कार्ड आलं :
इथे अजून शब्द मिळालेला नाही, शोधतोय.

याय योन वर्गाला पुन्हा आली नाही.
पण एका संध्याकाळी ताडांच्या सावल्या लांबलेल्या असताना
ती मला दिसली, तिच्याच खाचरात, गुडघाभर पाण्यात,
चूड हाताने बाजूला करून बुंध्याशी बघत होती.
अकरा, म्हणाली, मान वर न करता.
मी म्हटलं, राखणदार अकरा? छान.
तेव्हा तिने मान वर केली.
त्यांना काही नाव देऊ नका गं, म्हणाली,
नाव दिलं की यादी होते.

मी अजूनही राखणदारच म्हणते.
तिच्या बांधावरून जाताना मात्र
नुसता आकडा सांगते.