व्यस्त

एप्रिल लागला की सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत
ओल्या वुडवूलचा वास झोपेतही नाकात बसलेला असतो.
पत्र्याखाली पंचेचाळीस अंश,
आणि आम्ही दुसऱ्यांच्या घरचा गारवा
जाळीत दाबून, तारेनं शिवून देतो.
आम्ही म्हणजे डोमाजी आणि गुंफाबाई.
मी नुसती वही लिहिते,
आणि संध्याकाळी सायकलनं क्लासला जाते,
तलाठी भरतीच्या.

परवा बारापात्रे सरांनी काळ, काम, वेग घेतलं.
म्हणाले, एक भागिले पंधरा, एक भागिले दहा,
मग लसावि, एवढ्यात पेपर संपतो, बापा.
गुणोत्तर धरा.
अ ला पंधरा दिवस, ब ला दहा.
दिवसांचं तीनास दोन.
आता उलटं करा.
वेगाचं दोनास तीन.
ज्याला दिवस जास्त, त्याचा हात हळू.
प्रमाण व्यस्त.

म्हणजे अ रोज दोन वाटे उचलतो, ब तीन.
ब चे दहा दिवस, तीन वाट्यांचे, सगळं काम तीस.
दोघं मिळून रोज पाच.
तिसात पाच सहा वेळा.
सहा दिवस!
सरांनी खडू ठेवला, हात झटकले,
आणि माझ्या वहीत अ ला पिकलेल्या मिशा फुटल्या,
ब च्या कपाळावरचं कुंकू घामानं
नाकापर्यंत आलं.

कारण मानेवाडा रोडच्या होस्टेलचे साठ कूलर
आमच्याकडंच आलेले.
डोमाजीच्या हातून दिवसाला चार निघतात,
गुंफाबाईच्या सहा.
मोजते मीच.
सोमवारी बसले, शनिवारी गाडी भरली.

शनिवारी मालकांनी सहा हजार वाटले.
डोमाजीला छत्तीसशे,
गुंफाबाईला चोवीसशे.
मी लिहिता लिहिता थांबले.
बेरीज बरोबर होती.
भाग पाडणंही बरोबर, तीनास दोन.
फक्त उलटं करायचं राहून गेलं होतं.

दुपारी तारेच्या तुकड्यानं
मी गुंफाबाईला फरशीवरच्या धुळीत ते काढून दाखवलं.
"व्यस्त मंजे?"
उलटं, मी म्हटलं.
"मले वाटलं, ज्याले फुरसत नाही तो."
तिचा हात जाळीवर चालूच होता.
"आन् तुहा तो ब,
सकाळी पाणी भरून, भाकरी टाकून येते का?
का आयताच उगवते दहा वाजता?"
सरांनी तेवढं सांगितलं नाही, मी म्हटलं.
"इचारजो मग."

विचारलं नाही.
क्लासमध्ये चाळीस पोरं,
आणि असला प्रश्न सिलॅबसमध्ये नाही.

डोमाजीनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
त्याला एका कानानं कमीच येतं.
पण तासाभरानं तो उठला,
टेबलपंख्याची मान धरून तिच्याकडं वळवली,
पूर्ण नाही,
दोनास तीन म्हणता येईल इतकी,
आणि बिडी प्यायला बाहेर गेला.

रविवारच्या टेस्टमध्ये नेमकं तेच आलं.
अ, ब, पंधरा, दहा, मजुरी सहा हजार,
तर ब चा वाटा किती?
पर्याय दोन चोवीसशे,
पर्याय तीन छत्तीसशे.
मी तिसरा गोल काळा केला, चार सेकंदांत.
एक मार्क.

आज नवी ऑर्डर आली आहे, चाळीस कूलर,
महालातल्या कुठल्याशा मंगल कार्यालयाची.
चार दिवस, मी न मोजता लिहिलं.
त्याच पेनानं, ज्यानं गोल काळा केला होता.
पुढचा रकाना मजुरीचा.
तो अजून कोरा आहे.
मालक साडेपाचला येतात.