पट्टीचा रकाना

मल्हारगंजात माझं दुकान सहा बाय नऊ.
भिंतीला भाते टांगलेले, डालड्याच्या डब्यात सुटे सूर,
आणि गल्ल्याखाली ही वही,
लाल कापडी पाठीची, दोनदा शिवलेली.

वहीत झेलम आहे.
सगळी.
पहिली कॅसेट चौऱ्याऐंशीची, शेवटचं गाणं गेल्या दिवाळीचं,
मध्ये तीनशे अकरा ओळी:
क्रमांक, गाणं, साल, कुठे ऐकलं,
आणि एक रकाना, जो दुसऱ्या कुणाच्या यादीत नसेल.
पट्टी.

दुरुस्तीला आलेला कुठलाही बाजा ओढायचा,
कॅसेट लावायची, बोट सरकवत न्यायचं
षड्ज सापडेपर्यंत.
टेप पळत असेल तर अर्धा सूर वजा.
‘लाल स्वेटर’ आलं तेव्हा समोर गुरुद्वाऱ्याचा बाजा होता.
मनात माफी मागितली,
पण काय लागला तो सूर!

‘छत पर रेडिओ’: काळी पाच.
‘मेरा पता लिख लो’: काळी पाच, अंतऱ्यात तार पंचमाला
नुसता हात लावून परत, जसं तापलेल्या तव्याला.
नव्वद साली काळी चार.
मग पांढरी पाच. मासिकांत छापून आलं,
आवाज आता परिपक्व झालाय.
असेल.
मी बोट एक घर डावीकडे नेलं.

नेहरू स्टेडियमवर आली होती, तेव्हा जनरेटर बसला.
लोक शिट्ट्या मारत होते.
ती स्टेजच्या कडेला बसून सँडलचा पट्टा लावत
स्वतःशीच काही गुणगुणत होती, मी दोरीपाशीच होतो.
क्रमांक एकशे अठरा. नाव नाही. पांढरी पाच.

मग सात वर्षं काही नाही.
मी दोन पानं कोरी सोडली.
शालन म्हणाली, अहो, उधारी ठेवून गेलीये का ती?

परतली ती काळी दोनवर.
आणि पुढच्याच वर्षी एकदम पुन्हा काळी पाच!
मी भाता सोडून उभाच राहिलो.
दुसऱ्यांदा ऐकलं, तेव्हा कळलं:
आवाज वर नेऊन ठेवला होता,
श्वास खालीच राहिला होता.
लाल शाईने लिहिलं, ‘उचललेला’.
अशी नऊ गाणी आहेत.

शेजारच्या मोबाइलवाल्या अंकुश चौकसेने
फोनवर कंपनीची यादी काढून दिली. दोनशे सत्त्याऐंशी.
म्हटलं, चोवीस कमी.
“काका, अपने को तो इत्तेच दिख रहे.”
केवडा अगरबत्तीची जाहिरात नाही त्यात.
डब्यातच राहिलेल्या सिनेमातली चार नाहीत.
ते एकुलतं एक मराठी गाणं नाही,
ज्यात तिला शेवटपर्यंत ‘ळ’ जमला नाही
आणि ‘आभाळ’ प्रत्येक कडव्यात ‘आभाल’ होऊन आलं.
मला आता तेच बरोबर वाटतं.

श्रावणात एमवायला कान तपासले.
काचेच्या खोलीत बसवलं, म्हणाले, ऐकू आलं की बटण दाबा.
कागदावर रेघ निघाली, उजवीकडे उतरत गेलेली.
डॉक्टरीण पोरगी होती, माझ्या नातीएवढी.
म्हणाली, वरचे सूर आधी जातात, आजोबा.
मी म्हटलं, हो. मला माहीत आहे. कितव्या साली तेही.

तो कागद वहीतच ठेवलाय.
तार सप्तकाची पितळी पाती हल्ली बोटाच्या पेराने जुळवतो,
थरथर मोजून. गिऱ्हाइकाला सांगत नाही.
पक्षी, शिट्टी, कुकरची पहिली वाफ,
शालनची फोडणी,
एकेक कमी होत गेलं.

दिवाळीत तिचं नवं गाणं आलं.
साथीला फक्त एक गिटार.
आवाजाला कुणी हात लावलेला नाही,
मध्ये एकदा खोकल्यासारखं काही, तेही ठेवलंय.
शालन मोठं करायला उठली.
म्हटलं, राहू दे.

तीनशे अकरा. काळी एक.
कुठे ऐकलं: घरी.
पूर्ण.