कलम सतरा

इस्फारात जर्दाळू छपरांवर वाळतात.
विट्स्के होकेमा शिडी चढून वर गेली
आणि पिशवीतून ओलावा मोजायचं यंत्र काढलं.
बावीस टक्के, म्हणाली. चालेल. गंधक नको.
भावही तिथेच सांगून टाकला,
एक पाय अजून शिडीवर असताना.

मी खाली. दुभाषी.
तिची इंग्रजी उसनी, माझीही उसनी,
दोघी भाड्याच्या घरात बसून बोलल्यासारख्या.
निझोमिद्दीन अकांना तो आकडा मी लगेच सांगितला नाही.
आधी त्यांना विचारू दिलं:
प्रवास कसा झाला, गुडघे दुखत नाहीत ना,
वडील बरे आहेत ना.
तिने घड्याळ पाहिलं. वडील वारले, म्हणाली, नव्वद साली.
अकांनी तिथेच तळवे उघडले
आणि तीस वर्षं शिळ्या मरणासाठी
दुआ मागितली, सावकाश, पुरी.
ती यंत्राचं झाकण उघडझाप करत राहिली.

मग चहा. सुहरोबने, त्यांच्या नातवाने,
पियालीत दोन बोटं ओतला.
आमच्याकडे अर्धी पियाली म्हणजे
बसा, पुन्हा भरू, तुमच्यासाठी दहादा उठू.
काठोकाठ भरली की समजायचं:
निघा आता.
विट्स्के हसून म्हणाली, भरून दे की रे,
चाळीस टन माल घेतेय मी तुमचा.

तिचा हात पुरेसं बोलला होता. किटली थबकली.
पोराने आजोबांकडे पाहिलं,
आजोबांनी माझ्याकडे.
मी म्हणाले, बाई म्हणतात,
असा चहा त्यांच्या गावात नाही,
अर्ध्यावर जीव भागत नाही.
माझ्या बिलात या वाक्याला रकाना नसतो.

भावावर घोडं अडलं.
तिने पहिल्याच दमात रास्त आकडा सांगितला होता
आणि ती त्याला चिकटून होती, गोचिडीसारखी.
अका मला हळूच म्हणाले,
घासाघीस न करता घेणारा
एक तर खुळा, नाहीतर परत न येणारा.
ती मला म्हणाली, मी खरं बोलले, याची शिक्षा का?
दोघांनाही मी म्हणाले, थोडं थांबा.
संध्याकाळपर्यंत तेवढंच म्हणत होते.

माल वीस ऑगस्टला रॉटरडॅमला पोचेल?
इन्शाल्लाह.
हो की नाही?
सांगितलं की.
या शब्दात माझे दोन कंटेनर बुडालेत, विट्स्के म्हणाली.
हे मी गिळलं.

करार एकतीस पानांचा.
तुतीखालच्या बाजेवर बसून मी मोठ्याने वाचला.
कलम सतरा: पूर, भूकंप, दहिवर, युद्ध, बंद सीमा,
वा मानवी आवाक्याबाहेरचं अन्य कोणतंही कारण,
यांस कोणताही पक्ष जबाबदार नसेल.
म्हणजे काय? अकांनी विचारलं.
मी बराच वेळ पानाकडे पाहिलं.
म्हणजे इन्शाल्लाह.
ते असे हसले की मागचे सोन्याचे दात दिसले.
अर्धं पान लागलं यांना!

का हसले, ते मी विट्स्केला सांगितलं,
त्या दिवसातला हा एकच मजकूर शब्दशः.
ती हसली नाही.
पेन्सिल काढली, सतराच्या समासात
तो शब्द आपल्या लिपीत लिहिला, चुकीचा,
आणि खाली सही केली.
भावही मग तिने थोडा वाढवला, अकांनी बराच उतरवला;
मुळात दोघांच्या मनातला आकडा एकच होता.

पुढच्या एप्रिलात एका रात्री दहिवर पडलं.
लोकांनी बागांतून टायर जाळले,
सकाळी मोहोर चहापत्तीसारखा काळा.
अका फोनवर म्हणाले, बाईला कळव.
काय लिहू?
लिही, सतरा.

दुपारीच उत्तर आलं. दोन ओळी.
दंड नाही, पुढच्या हंगामाला बोलू.
आणि: तुमचे गुडघे कसे आहेत?
मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

पलीकडे बराच वेळ शांतता.
मग अका म्हणाले, खरं सांग पोरी,
ही दुसरी ओळ तिची की तुझी?