पाऊणकी

शेफील्ड सात टेकड्यांवर वसलंय म्हणे.
मी मोजल्या नाहीत.
माझ्या डाव्या गुडघ्याने मोजल्यात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी बूट घेतले, नारिंगी,
आणि दुसऱ्याच आठवड्यात
दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून आले.
गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.
चढावर दात खायचे, उतारावर पाय मोकळे सोडायचे,
एवढंच माझं तंत्र.
मार्चमध्ये पोर्टर ओढ्याच्या कडेने, बदकांदेखत,
वाटीच्या खाली कुणीतरी चिमटीत धरलं.
त्या रात्री घरचा जिना
मी रांगत्या पोरासारखी बसून बसून उतरले.

फिजिओ बेथन. वय असेल सव्वीस.
तिने मला पट्ट्यावर पळवलं, फोनवर टिपलं,
मग चित्र संथ करून दाखवलं:
एक बाई. पाऊल अंगाच्या पार पुढे फेकते,
गुडघा ताठ, टाच दाणकन खाली,
जणू समोरचं दार लाथेने उघडायचंय.

टाच आपटत चालायचे ते आमचे आप्पा.
कराडकडे वीज मंडळात लाइनमन.
खांबावरून उतरले की
खाली जमीन आहे ना, याची
घरी पोचेपर्यंत खात्री करत यायचे.
त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली,
आणि इथे, ट्यूबलाइटखाली, रबराच्या पट्ट्यावर
त्यांचा पाय
माझ्या नारिंगी बुटात.

मी म्हटलं, बेथन, ही चाल माझी नाही.
ती म्हणाली, “कुणाची का असेना, आखूड करा.”

पाऊल आखूड. पावलं जास्त.
पाय अंगाखालीच पडू दे.
मिनिटाला एकशे सत्तर.
तिने टिकटिकणारं ॲप दिलं, पण ती टिकटिक मला सोसेना,
कुणीतरी दारात घड्याळ बघत उभं असल्यासारखी.
मग मी पाढे काढले.
लाइनमनच्या घरची वीज गेली की
आप्पा अंधारात घोकून घ्यायचे ते,
पावकी, निमकी, पाऊणकी.
बे पाऊण दीड
तीन पाऊण सव्वादोन
चार पाऊण तीन.
लंगडत लंगडत चौथ्या पावलाला
पूर्णावर येतो हा पाढा,
आणि लगेच पुन्हा लंगडतो.

मंगळवारी एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल.
रोज सकाळी खुर्चीवरून उठायचं, हात न टेकता, पंधरा वेळा.
मकरंद पेपरातून डोकं न काढता विचारतो,
“राष्ट्रगीत लागलंय का?”
आणि गुरुवारी तरणतलाव:
छातीभर कोमट पाण्यात आम्ही अकरा बायका,
दहा जणी पेन्शनीत, मी उमेदवार.

डोरीन हिंचलिफ, एक्याऐंशी.
चमच्यांना झिलई देण्यात उभ्याने चाळीस वर्षं गेली,
मग दोन्ही गुडघे बदलले.
“स्टील कुठलं, विचारलं मी सर्जनला.
म्हणाला, जर्मनी.
आख्ख्या गावाच्या थोबाडीत मारलीन मेल्याने.”
पाण्यात ती माझ्यापुढे चालते.
काठावर आली की रेलिंग धरते, कण्हते,
आणि पुढच्या गुरुवारी माझ्याआधी हजर.

शर्यत होती सप्टेंबरात. मी गेले नाही.
बेथनने विचारलं, वाईट वाटलं का?
वाटलं. खोटं कशाला सांगू.
छातीवर लावायचा नंबर घरी आलेला,
तो अजून मसाल्यांच्या कपाटात आहे, हळदीमागे.

ऑक्टोबर. तोच ओढा, ओली पानं,
कुत्र्यामागे ओढला जाणारा एक माणूस
मला मागे टाकून गेला.
जाऊ दे बापडा.
सलग वीस मिनिटं झाली
आणि गुडघा अजून चिमटीत आला नव्हता,
नुसता जागा होता,
प्रवासात सामानावर पाय ठेवून बसलेल्यासारखा.

घराच्या उतारावर मोजणं विसरले.
दाण्‌.
एकच टाच. ओळखीचा आवाज,
समोरच्या विटांच्या भिंतीवरून परत आला.
वळून बघितलं नाही.

पाच पाऊण पावणेचार.