कोऱ्या पावतीनंतर

इस्माईल हमदुले पंप घेऊन आले,
बोटीतलं पाणी उपसायचा. सात महिन्यांत बसलेला,
हमी वर्षाची.
आणि पावती,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सुपारीच्या डब्यात,
डबा कमरेला.
उघडली तर कोरी.
मागून पुढून कोरी, पापलेटाच्या पोटासारखी.

"बाय, यावर काय लिवलंय ते वाच," म्हणाले.
रागावले असते तर बरं झालं असतं.

मला आठवत होतं. तारीख, रक्कम,
त्या दिवशी घेतलेली दोन किलो नायलॉनची दोरीसुद्धा.
पण कंपनीला माझी आठवण चालत नाही,
कंपनीला कागद लागतो.
पंप बदलून दिला. पदरचे चार हजार दोनशे.

रात्री गल्ल्याशेजारची जागा मोजली.
काट्याच्या पारड्यापासून गळांच्या बरणीपर्यंत
दीड वीत आणि चार बोटं.
यात मावेल तोच.

दापोलीच्या दुकानातला पोरगा चुणचुणीत,
मिनिटाला किती पानं तेच सांगत राहिला.
अरे बाबा, आमच्या हर्णैला
लिलाव सुटला की एकदम बारा गिऱ्हाइकं येतात
आणि मग चहा थंड होईस्तोवर कोणी नाही.
मी विचारलं, खारा वारा सोसेल का?
कागद सर्दावला तर अडकेल का?
दोन महिने बोटी वर ओढलेल्या असतात,
तेव्हा शाई आतल्या आत वाळेल का?
तो म्हणाला, मॅडम, हा लेझर. यात शाई नसते, भुकटी असते,
ती कागदावर भाजून चिकटवतो.
भाजून.
हे मला कळलं.

पर्समधून बाटली काढली,
खोकल्याच्या औषधाची, धुतलेली,
सकाळी धक्क्यावरून भरून आणलेली.
"हे काय?"
"समुद्र."

नमुन्याच्या पानांवर एकेक थेंब.
शाईवाल्याची अक्षरं पसरली,
चिखलात खेकडे पळावेत तशी.
लेझरच्या पानावर थेंब बसला 'एकूण' या शब्दावर,
भिंगासारखा फुगला, शब्द मोठा दिसला.
अंगठ्याने पुसला.
शब्द तिथेच.
मालक केबिनमधून उठून आले.
मोठा घ्या, म्हणाले, फार फरक नाही पडत, वर झेरॉक्सही निघेल.
मी त्यांच्यासमोर वीत पसरली, दीडदा, आणि चार बोटं.

तर असा तो आला. काळा, बुटका, पाटाएवढा.
छापायला लागला की पंखा एक श्वास विसरतो,
ट्यूब मिचकावते,
गिऱ्हाईक वर बघतं,
मग पावती येते, कोमट.
पहाटे बोटीवरून उतरलेली माणसं
ती लगेच घडी करत नाहीत,
क्षणभर दोन्ही तळव्यांत धरतात.

कागद मी पत्र्याच्या डब्यात ठेवते,
बरोबर तांदळाची पुरचुंडी.
दीर म्हणतो, वहिनी, दहा रुपयांच्या गळांना अर्धं पान?
खरं आहे त्याचं.
सोबत आलेली भुकटी अर्धीच भरलेली असते,
हेही कोणी सांगितलं नव्हतं.

परवा खण आवरताना
याच्याच खरेदीची पावती हाती लागली. दापोलीची.
गुळगुळीत कागद, त्यावर 'दापो' एवढंच उरलेलं
आणि रकमेतली दोन शून्यं.

हमदुले फिल्टर शोधत उभे होते, त्यांना दाखवली.
त्यांनी उलटीसुलटी बघितली, उजेडाकडे धरली.
"बुधवार होता," म्हणाले.
"तुझं दुकान बंद,
मी दुपारपर्यंत पायरीवर बसून होतो."