घट

सीपीआरच्या ऑपरेशन थिएटरमधून
बर्फात खोचलेली पित्ताची कुपी घेऊन मी निघते.
केएमटीच्या बसमध्ये ती मांडीवर.
शेजारच्या बाईला वाटतं, डबा आहे.

कुपीवर नाव नाही, नुसता आकडा : सत्तेचाळीस.
पण मला ठाऊक आहे, ह्या हुपरीच्या आक्काताई गाट,
तीस वर्षं पैंजणाच्या घुंगरांना डाग देणाऱ्या.
संमतीची सही करताना म्हणाल्या होत्या,
"तांदळातला खडा मी न बघता काढते,
ह्यो पोटातला कसा गं सुटला माझ्या हातनं?"

तेव्हा उत्तर नव्हतं.
आता अर्धंमुर्धं आहे.

प्रथिन घडून तयार होतं, आक्का, तुमच्या साखळीसारखं.
मग कुणीतरी येऊन त्याला
एक घुंगरू जोडतं :
फॉस्फेटचा कण, साखरेचा झुबका,
नाहीतर 'ह्याला मोडीत घाला' अशी चिठ्ठी.
साखळी तीच, चाल बदलते.
यकृताच्या दारावरचा पहारेकरी
कोलेस्टेरॉल सोडताना हात आखडत नाही,
पिशवीच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर दाटतो,
आणि एक स्फटिक बसायला जागा शोधत येतो.
सापडते त्याला.

सर म्हणतात, पिशवीच काढावी. चार भोकं, दोन दिवस, घरी.
खरंच आहे. मी भांडत नाही.
पण रात्री साडेनऊला, विद्यापीठाच्या आवारात
मोर ओरडून गप्प झाल्यावर,
मी जेलवरची पट्टी बघते :
निरोगी माणसाच्या पट्टीहून जरा वर,
केसभर.
तेवढंच घुंगरू उतरवता आलं तर?
साखळी न वितळवता?

उतरवणारं औषध उद्या सापडलंही,
तरी तोच डाग मेंदूतही आहे, हृदयातही.
तिथलं वाजणं थांबवून कसं चालेल?
म्हणून वहीत लिहिते : कदाचित.
खाली तारीख.

टाके काढायला आल्या तेव्हा
आक्कांनी आपले खडे मागून नेले.
संध्याकाळी फोन. मागे हातोडीची टकटक.
"चांदीच्या काट्यावर घातलं बघ.
सात नग, तीन ग्रॅम दोनशे.
घट किती धरू?"

मी म्हटलं, एक पिशवी.

टकटक थांबली.
मग परत सुरू झाली.