सवड: शून्य

दारखानमध्ये आमचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं
आणि ऑक्टोबरच्या मध्याला संपतं.
बाकीचे महिने काँक्रीट जमत नाही, नुसतं गोठतं.

मी कंटेनरमध्ये बसते. दोन स्क्रीन, एक हीटर,
आणि बाराशे चाळीस कामं, आडव्या पट्ट्यांत, एकाखाली एक:
प्रसूतिगृह, पाच मजले, लिफ्टचे दोन खड्डे.
प्रत्येक पट्टीच्या शेपटीला बाण,
बाणाच्या टोकाला पुढची पट्टी.
सळया बांधल्याशिवाय साचा बंद होत नाही,
साचा बंद झाल्याशिवाय ओतणी नाही,
आणि ओतल्यावर अठ्ठावीस दिवस
काँक्रीटपुढे कुणाचा वशिला चालत नाही.

एक रकाना आहे, त्याचं नाव सवड.
रंगाऱ्यांना एकवीस दिवस. कुंपणाला चाळीस.
दारांच्या कड्यांना तर इतकी, की लाज वाटावी.
क्रेनला शून्य.

सप्टेंबरअखेर दाशन्याम शिडी उतरून आला,
पंचेचाळीस मीटर, मधे न थांबता.
हेल्मेट काढून पोटाशी धरलं.
"सोलोंगो, आरखांगाईला जायचंय. धाकटीचं जावळ.
चार वर्षांची झाली. म्हातारे येऊन बसलेत,
कात्रीला निळं रेशीम बांधून ठेवलंय.
तीन दिवस. सवड आहे?"

मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवला.
त्याने तो लाल दोरा पाहिला,
पायापासून छतापर्यंत, त्याच्या केबिनमधून ओवलेला.
"म्हणजे सगळी इमारत माझ्या मानेवर?"
"तुझ्या, आणि झामिन-ऊदच्या नाक्यावर अडकलेल्या काचांच्या."
"काचांना मुलगी नाही," तो म्हणाला,
आणि परत वर चढला.

रात्री मी सगळं उलटसुलट करून पाहिलं.
जिना आधी, भिंत नंतर. दुसरी पाळी. रविवार उघडे.
दर वेळी शेवटचं छत तेरा तारखेवरून
तीन घरं उजवीकडे सरकलं.
तिथे आमच्याकडे थर्मामीटर मालक असतो.

मग वाऱ्याचा अंदाज आला,
आणि मी दाशन्यामला मंगळवारी रात्रीच पिटाळलं.
बुधवारी सेकंदाला सोळा मीटर, गुरुवारी सतरा.
क्रेनचा हात मोकळा सोडलेला,
रिकाम्या केबिनसकट हवं तिकडे वळत होता.
असे दोन दिवस मी वेळापत्रकात धरलेच होते.
तिसरा माझा.

शुक्रवारी झेंडा काठीला चिकटून उभा.
फोरमन गानखुयाग दारात. "क्रेन?"
मी कारणांची यादी उघडली:
पाऊस. वारा. माल. मजूर. नकाशात बदल. इतर.
जावळ नव्हतं त्यात.
मी निवडलं: वारा.
त्याने झेंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"वरती असेल," म्हणाला, आणि गेला.

छत चौदाला ओतलं.
चौदाच्या रात्री उणे नऊ.
घराला गुंडाळतात तेच जाड लोकरी नमदे
आम्ही ओल्या काँक्रीटवर अंथरले,
खालच्या मजल्यावर गरम हवेचे भोंगे लावले.
दाशन्याम क्रेन बंद करून आमच्यातच आला,
खिशातून वाळल्या दह्याचे खडे वाटत.
"बट तू कापलीस?"
"कापली. माझी पाळी येईपर्यंत ती झोपली होती."
पहाटेपर्यंत तो नमद्यांचे कोपरे दाबत फिरला.
सवडीबद्दल कुणीच बोललं नाही.

अकरा नोव्हेंबरला ठोकळे यंत्राखाली ठेवले.
तीस हवे होते. एकतीस पूर्णांक दोनला फुटले.
बाकीचा एकही मजला अडतिसाच्या खाली नाही.

फाईलमध्ये मूळ बेत अजून आहे,
प्रत्येक रंगीत पट्टीखाली एक करडी,
झालं असतं ते सांगणारी.
पाचव्या छताशी दोघी एका घराने चुकतात.
मार्चमध्ये तपासणीवाले येतील,
त्या घरावर बोट ठेवतील.
सांगेन:
वरती होता.